बाईंची सुट्टी कोणाची?



उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. २०२४ मध्ये बाकी महाराष्ट्रात १५ जूनला उघडल्या, आपल्याकडे १ जुलैला. म्हणून चिखलीत मला हमखास ऐकावं लागतं, "तुम्हा शिक्षिकांची मजा आहे बाई!"

मजा कसली? सुट्टी लागली की घरातली वर्षभर राहिलेली कामं शिक्षिकेच्या नावावर लागतात. कुरडया, शेवया, मुगाचे पापड, कैरीचं लोणचं, धान्य निवडणं, पाहुणे, लग्नं, मुलांचं पाठशाळेचं शिबिर. मीही हे हौसेनं करते; घरच्या वाळवणाची शुद्धता विकतच्यात कुठून येणार? पण दोन महिने असे गेले की बाई थकूनच वर्गात शिरते, आणि समोर पहिलीतलं रडणारं पोर असतं.

आपल्याकडे तपाचे १२ प्रकार सांगितले आहेत, ६ बाह्य आणि ६ अभ्यंतर. उपवास बाह्य तपात येतो, स्वाध्याय अभ्यंतर तपात. उपवास करणारीचं पारणं आपण किती कौतुकानं करतो! शाळेची पुस्तकं म्हणजे शास्त्र नव्हे, मान्य. पण पुस्तक घेऊन बसलेली सून रिकामी, हे कुणी ठरवलं?

माझं म्हणणं इतकंच, वाळवण मे महिन्यातच सगळ्यांनी मिळून उरकावं, घरातल्या पुरुषांनीही. शाळेआधीचे ८ दिवस शिक्षिकेला मोकळे द्यावेत. नवी पुस्तकं चाळू द्या, दुपारी झोपू द्या. तिच्या वर्गात आपलीच लेकरं बसणार आहेत.