एका कार्डाची काटकसर

दोस्तांनो, पट मांडा! पत्राने खेळायच्या बुद्धिबळातली ही गोष्ट खेळाडू हमखास सांगतात. समजा, पांढरा महाडजवळ तळीयेत, काळा पुण्यात.

पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. काळ्याने राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर नेलं. वर एक कार्ड वाचवायला लिहिलं, ‘तुम्ही काहीही खेळा, माझा उंट त्या रिकाम्या घरात.’

पांढऱ्याने वजिराकडचा उंट थेट राजाकडच्या हत्तीच्या प्याद्यासमोर ठेवला. घोड्याला तो फुकट मिळाला असता! पण लिहिलेली चाल बदलता येत नाही. काळ्याचा उंट मारला गेला, कोपऱ्यातला हत्ती अडकला.

म्हणून ‘काहीही’ लिहू नका. ‘अमुक खेळलात तर’ असंच लिहा. आता सांगा, हत्ती का सुटत नाही?