ताटातील सोंग

गतवर्षी भाद्रपदात, ज्येष्ठागौरींच्या, म्हणजे वऱ्हाडात ज्यांस महालक्ष्म्या म्हणतात त्यांच्या जेवणास आम्ही मलकापूर येथे एका स्नेह्यांच्या घरी होतो. पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, ज्वारीची आंबील असे रीतीप्रमाणे पान होते. घरच्या धाकट्या सूनबाईंनी दोन वर्षांपासून दूध व दुधाचे सर्व पदार्थ वर्ज्य केले आहेत. नैवेद्याची आंबील ताकातलीच झाली होती, तिला त्यांनी हात लावला नव्हता; आपल्यापुरती मात्र शेंगदाण्याच्या दह्याचे ताक घालून एका लहान पातेल्यात वेगळी आंबील त्यांनी केली होती. पंक्तीतील एक वयोवृद्ध, सुशिक्षित व एरव्ही अत्यंत सौम्य असे गृहस्थ ते पातेले पाहून म्हणाले, "सूनबाई, सोडायचे तर खुशाल सोडा, पण मग त्याचे सोंग कशाला आणता?" पंक्तीत हशा पिकला. सूनबाई काही न बोलता आत गेल्या, आणि ते पातेले त्या दिवशी पुन्हा बाहेर आले नाही. त्या हशात आम्हीही सामील होतो, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. घरी परतताना मात्र त्या प्रश्नाचा जो जो विचार करावा तो तो तो पोकळ वाटू लागला, आणि त्या पंक्तीत जे बोलावयास हवे होते ते उशिराने का होईना, येथे बोलत आहोत.

प्रारंभीच एक खुलासा. आम्ही स्वतः दूध सोडलेले नाही. तेव्हा वाचकांनी दूध सोडावे असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही व तसा हेतूही नाही. ज्यांनी ते सोडले त्यांच्या कारणांविषयी इतकेच सांगतो की, ती कारणे पोरकट नाहीत. म्हैस दूध देते ती व्याल्यावर देते. व्याल्यावर निम्मी पारडी नर होतात. आणि ट्रॅक्टर आल्यापासून नराला शेतात काम उरलेले नाही. इ. स. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्याही हत्येस बंदी आहे. ती म्हशीच्या वंशास नाही. दुधाच्या पिशवीमागे हा सगळा हिशेब उभा असतो. तो कोणी वाचू नये असा कोठे नियम नाही, आणि ज्यांनी तो वाचला त्यांस पानावर बसू देताना आपण हसावे असाही नाही.

आता सोंगाच्या आक्षेपाकडे वळू. एखादी वस्तू सोडल्यावर तिच्यासारखी दुसरी करणे हे जर सोंग असेल, तर महाराष्ट्रातील एकही सुगृहिणी या आरोपातून सुटणार नाही. एकादशीस धान्य वर्ज्य. मग आपल्या आयाबहिणी काय करतात? भगरीचा भात करतात. राजगिऱ्याच्या पुऱ्या लाटतात. शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, उपासाच्या भाजणीचे थालीपीठ, आणि भातावर आमटी हवी म्हणून तुरीच्या वरणाच्या जागी शेंगदाण्याची आमटी. सोडलेल्या जिनसांची ही इतकी हुबेहूब प्रतिकृती आहे की, नवख्या माणसास उपासाचे ताट व बिनउपासाचे ताट यांतील भेद समजावून सांगावा लागतो. त्यातही गंमत ही की, ज्या बटाट्यावर व साबुदाण्यावर आमची एकादशी आज उभी आहे, तो बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला आणि आपल्या बाजारातील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. शेंगदाणाही तिकडचाच! म्हणजे नियम आमचा, जिन्नस परका, आणि घाट जुन्या पदार्थाचा. याला कोणी सोंग म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सूनबाईंनी याहून वेगळे काय केले?

ज्या आठवड्यात हा प्रसंग घडला त्याच आठवड्यात ऋषिपंचमी येऊन गेली होती, हे तर आम्हांस विशेष लागले. श्रावण अमावास्येस पोळा. वऱ्हाडात तो सणांचा राजा. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, अशी आपली परंपरा आहे. नांगराच्या जमिनीतील धान्य नाही, भाजी नाही; परसात हाताने खणून लावलेले अळू, माठ, भोपळा, सुरण, मक्याची कणसे यांवर व्रत चालते. जनावराचे दूधच काय, त्याचा घामसुद्धा ताटात नको, इतक्या सूक्ष्म विचारापर्यंत ज्या समाजाच्या स्त्रिया वर्षातून एक दिवस जातात, त्याच समाजात वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस दूध न घेणारी सून हास्यास्पद कशी ठरते, हे आमच्या बुद्धीस उमगत नाही. कोणी म्हणेल, ते व्रत आहे आणि हे खूळ. व्रताला पोथीचा आधार असतो हे खरे. पण ती पोथी लिहिली जाण्यापूर्वी कोणी तरी पहिल्यांदा ते पथ्य पाळलेच असेल, आणि शेजारच्या ओट्यावर त्या वेळीही हसू उमटलेच असेल.

दुसरा आक्षेप नावाचा. शेंगदाण्याच्या पाण्यास 'दूध' का म्हणावे? हा वाद मलकापुरापुरता नाही. इ. स. २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सोयाबीनच्या पेयास बाजारात 'दूध' म्हणून विकू नये असा निकाल दिला, आणि इ. स. २०२१ च्या सप्टेंबरात आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याच वळणावर पाऊल टाकले. दुकानदारीच्या दृष्टीने या निर्बंधांत तथ्य असेल. पण मराठी भाषेचे काय करावयाचे? नारळाचे दूध हा शब्द कोकणात कोणत्या कायद्याच्या परवानगीने चालत आला? जनावर व्याल्यावर पहिल्यांदा निघतो तो चीक, रुईच्या पानातून गळतो तोही चीक, आणि कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून काढतात तोही चीकच. आणि ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला म्हणजे शेतकरी काय म्हणतो? "कणसात दूध भरले." ज्या मलकापूर तालुक्यात हे वाक्य कोणत्याही शेताच्या बांधावर ऐकू येईल, तेथील सुशिक्षिताने शेंगदाण्याच्या दुधाच्या नावाला नाक मुरडावे यात भाषेचा अभिमान नसून तिचे विस्मरण आहे.

खोटेपणा व प्रतिकृती यांतील भेद मात्र आम्ही काटेकोरपणे मानतो. इ. स. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला, तेव्हा झालेली ओरड रास्त होती. कारण पुष्कळ ठिकाणी तो तुपात मिसळून तूप म्हणून विकला गेला. त्यावर पुढे मोठी नामी युक्ती योजण्यात आली. वनस्पती तुपात शेकडा पाच तिळाचे तेल असलेच पाहिजे असा नियम झाला. तिळाच्या तेलावर विशिष्ट रसायन घातले की किरमिजी रंग येतो, म्हणजे भेसळ पकडली जाते. परवा इ. स. २०२५ मध्ये बनावट पनीराचा प्रश्न राज्याच्या विधानसभेत गाजला, तोही याच जातीचा. असे पनीर पुष्कळदा दुधाच्या भुकटीत स्वस्त तेल घालून केलेले असते. दूध सोडणाऱ्याच्याही ते उपयोगाचे नाही व खाणाऱ्याचीही ती फसवणूक. पण सूनबाईंनी कोणास फसविले? पातेले वेगळे, नाव वेगळे, आणि खाणाऱ्या त्या एकट्या.

खरी गोष्ट अशी आहे की, वऱ्हाड-खानदेशच्या रोजच्या स्वयंपाकात दुधाचे स्थान आपण समजतो त्याहून फारच लहान आहे. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, पिठले, वांग्याचे भरीत, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ठेचा, पातोडीचा झणझणीत रस्सा: यांत दुधाचा थेंब नाही. मलकापुरावरून रेल्वेने नागपूरकडे निघाले की नांदुरा, जलंब व मग शेगाव. तेथे भाविक जो झुणका-भाकरीचा नैवेद्य दाखवितात आणि स्थानकावर प्रवासी ज्या कचोरीसाठी खिडकीतून हात काढतात, त्या दोन्हींनाही गोठ्याचे काही लागत नाही. मग अडते कोठे? चहा, दही-ताक, तूप, आणि सणाची पक्वान्ने, एवढ्याच ठिकाणी. म्हणजे शोध घ्यावयाचा तो चार जिनसांचा. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या दुकानांतून बदामाच्या दुधाची चकचकीत खोकी आणणे आवश्यक आहे, असा जो समज या आहाराच्या काही उत्साही पुरस्कर्त्यांनीच पसरविला आहे, त्याने त्या आहाराचे जितके नुकसान झाले तितके विरोधकांच्या हशाने झाले नसेल. ज्याच्या घरी भुईमूग पिकतो त्याला परदेशी बदाम विकणे हा धर्मप्रसार नव्हे, व्यापार होय.

आमच्या जिल्ह्यात पिकते काय, हे जरा पाहा. सोयाबीन व कपाशी. सोयाबीनचे तेल काढून उरलेली ढेप बव्हंशी कोंबड्यांच्या खाद्यात व परदेशी जाते. मलकापूर तर जिनिंगचे गाव. तेथील सरकी घाण्यात जाते आणि तिची ढेप म्हशीपुढे पडते. त्याच सरकीचे दूध काढून, गूळ व सुंठ घालून ते मदुरेच्या रस्त्यांवर पेला-पेला विकले जाते, हे आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? (सरकीत गॉसिपॉल नावाचे अपायकारक द्रव्य असते, तेव्हा हा प्रयोग घरी करावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही.) सोयाबीनची कथा तर आपल्याच विदर्भातली. इ. स. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग करविले. इ. स. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले होते. पुढे मोठ्या आजारात बकरीचे दूध घ्यावे लागले, त्याची खंत त्यांच्या मनातून गेली नाही, आणि दुधाला वनस्पतिजन्य पर्याय कोणी सांगेल काय, अशी पृच्छा त्यांनी आत्मकथेतच करून ठेविली आहे. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडात इ. स. १९४४ मध्ये जन्मास आला, त्याच्या कितीतरी आधीची ही पृच्छा. तेव्हा पर्यायाचा शोध हे विलायती खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा वर्ध्यापर्यंत जाऊन यावे; मलकापुराहून गाडी थेट जाते.

त्या पंक्तीनंतर महिनाभराने आम्ही सूनबाईंकडून त्यांच्या दह्याची कृती विचारून घेतली व घरी केली. शेंगदाणे रात्रभर भिजवावे, साले चोळून काढावी, एका वाटीस तीन-चार वाट्या पाणी घालून वाटावे व फडक्यातून गाळावे. ते दूध ढवळत उकळावे. न ढवळल्यास तळाशी धरते, आणि करपल्याचा वास मग कशानेही जात नाही. कोमट झाल्यावर हिरव्या मिरच्यांची देठे त्यात टाकून झाकून ठेवावे. पहिले विरजण कच्चेच लागते. त्यातले चमचाभर घेऊन दुसऱ्या दिवशी लावलेले दही मात्र चांगले बसते. त्याचा श्रीखंड करू नये. आम्ही केला व पश्चात्ताप पावलो. परंतु हिंग, मोहरी व मेथ्यांची फोडणी दिलेल्या कढीत आमच्या घरच्या दोन मंडळींस फरक ओळखता आला नाही, आणि आंबिलीत तर शेंगदाण्याचा वास ज्वारीत असा मिसळतो की, ती जोडी पूर्वीपासूनची असावीसे वाटते. बासुंदीच्या वाटेस जाण्यापेक्षा नारळाच्या दुधात गूळ घालून पुरणपोळी त्यात बुडवावी. कोकणात शिरवळे अशाच रसात खातात. चहाच्या बाबतीत आम्ही हार पत्करली. सोयाबीनचे दूध आल्याच्या चहात फाटते, न फाटले तर बेचव लागते. गवती चहाचा कोरा काढा प्यावा हे बरे.

एक गोष्ट मात्र उत्साहाच्या भरात विसरून चालणार नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ज्याने दूध, अंडे, मांस सर्वच सोडले त्याने वैद्याच्या सल्ल्याने ते औषधरूपाने घेतलेच पाहिजे. 'निसर्ग सर्व पुरवितो' असल्या गोड वाक्यांनी मज्जातंतू शाबूत राहत नाहीत. आणि एक वर्षाच्या आतील बालकास आईच्या दुधाच्या जागी शेंगदाण्याचे अथवा बदामाचे घरगुती दूध पाजणे हा प्रयोग नसून अपराध आहे. सूनबाई ब-१२ ची गोळी नियमाने घेतात, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. आमच्या पंक्तीतल्या त्या गृहस्थांस, दूधतूप खाऊनही, तीच गोळी डॉक्टरांनी लिहून दिली आहे, हे मागाहून कळले.

राहिला तुपाचा प्रश्न. वडाभात वा गोळाभात असेल तर वऱ्हाडाने तो केव्हाच सोडविला आहे. त्यावर हिंग-मोहरीची कडकडीत तेलाची फोडणीच शोभते, तूप नव्हे. पुरणपोळीवर कच्चे तिळाचे तेल आम्ही घालून पाहिले; वाईट लागत नाही, पण मन मानत नाही. साध्या वरणभातावर मात्र तुपाच्या जागी काय घालावे हे आम्हांस अद्यापि सापडलेले नाही. यंदा महालक्ष्म्यांचे आमंत्रण पुन्हा आले आहे. सासूबाईंनी निरोप पाठविला आहे की, आंबिलीचे दुसरे पातेले या खेपेस मोठे चढेल आणि त्यातले आम्हांस वाढले जाईल. वरणभाताच्या बाबतीत कोणा वाचकभगिनीस काही सुचले असेल, तर त्यांनी ते भाद्रपदापूर्वी कळवावे.