मोत्याला सध्या धावू देऊ नका

वस्तीतला कुत्रा म्हणजे दिवसभर उड्या. पोरांनी चेंडू फेकला की तो झेपावतो, गर्रकन वळतो आणि केकाटत खाली बसतो. मग मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चालू लागतो. चार दिवसांनी पाय थोडा टेकवतो आणि घरचे म्हणतात, झाला बरा. आम्हांला भीती वाटते ती या चौथ्या दिवसाची.

कुत्र्याच्या मागच्या गुडघ्यात मांडीचे हाड आणि खालची नळी यांना धरून ठेवणारा एक दोरीसारखा बंध असतो. डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतात. बहुतेक कुत्र्यांत तो एका उडीने तुटत नाही. जुन्या दोरासारखा आतून विरत येतो आणि एखादी उडी निमित्त होते. तेव्हा चेंडू फेकणाऱ्या पोराला मारू नका. कुत्रा बसताना पाय बाजूला पसरतो का, उभा राहताना नुसती बोटे टेकतो का, हे पाहा आणि गुरांच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर गुडघा हाताने हलवून पाहतात. एक्स-रेमध्ये हाड आणि सूज दिसते, बंध दिसत नाही.

हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नका. चुना-हळदीचा लेप तर नकोच. कुत्रा तो चाटतो आणि तोंड भाजून घेतो. आणि घरातली दुखण्याची गोळी? पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसाची औषधे कुत्र्याच्या पोटावर, यकृतावर, मूत्रपिंडावर उठतात. दया म्हणून दिलेल्या गोळीने जीव जाऊ शकतो. त्याची गोळी वेगळी असते, ती डॉक्टरांनाच लिहू द्या.

पंधरा किलोच्या आतला कुत्रा पुष्कळदा विश्रांतीवर सावरतो. मोठ्या, उड्या मारणाऱ्या कुत्र्याला शस्त्रक्रिया अधिक मानवते. खर्च ऐकून छातीत धस्स होते, हे आम्ही जाणतो. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात किंवा पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. मुंबईत परळला असे महाविद्यालय १८८६ पासून आहे.

शस्त्रक्रिया होवो वा न होवो, पुढचे आठ ते बारा आठवडे घरच्यांचेच. दहा बाय बाराच्या खोलीत कुठे ठेवायचा? खाटेखालची जागा दोन बाजूंनी फळ्या लावून अडवा. साखळीने बांधाल तर तो हिसके देतो आणि गुडघ्यालाच ताण बसतो. फरशीवर पाय घसरतो, तेव्हा गोणपाट किंवा जुनी गोधडी अंथरा. जिना असेल तर उचलून न्या. जड असेल तर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार आपण धरा. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन वेळा दहा मिनिटे लावा. टाके असतील तर ते चाटू देऊ नका.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात. दुखणे कमी होते आणि गडी दारात उभा राहून कुईकुई करतो. आमच्या शेजारी घरधनी रात्रपाळीला, बाई धुण्याभांड्याला. दुपारी कुत्र्याजवळ आजी. तिने युक्ती काढली: भाकरीचे तुकडे जुन्या साडीच्या घड्यांत लपवायचे आणि त्याला हुंगत शोधू द्यायचे. अर्धा तास शोधून तो थकून झोपे. आम्हांला ही युक्ती कुठल्याही औषधाइतकी मोलाची वाटते. भाकरी मात्र रोजच्या वाट्यातलीच. वजन वाढले तर गुडघा पुन्हा कुरकुरतो.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पट्ट्याला धरून पाच मिनिटे सावकाश चालवा. दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवा. चालताना चारही पाय टेकतात ना, इकडे लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी लंगडणे वाढले तर मिनिटे पुन्हा कमी करा. चेंडू माळ्यावरच राहू द्या.

आणि दुसरा पाय विसरू नका. एका गुडघ्याचा बंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दुसराही पुढे तुटतो. तो पाय जपून टाकताना दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.