संस्थेचा माणूस गावानं पारखावा

शेतकरी बंधूंनो, बियाणं घेताना आपण पिशवीवरचा टॅग वाचतो, उगवण तपासतो. मग पाणलोटाचं काम घेऊन गावात येणाऱ्या संस्थेचा प्रकल्पप्रमुख कोण, हे का विचारत नाही? बांध कुठं घालायचा हे कार्यालयात ठरतं अन् फुटला की शेत आपलं वाहून जातं.

हिवरेबाजारात बोअरवेलचं पाणी शेतीला घ्यायचं नाही, हे ग्रामसभेनं ठरवलं. म्हणून ते पाळलं गेलं.

सरपंच मंडळींनी संस्थेला सांगावं, की प्रमुख नेमण्याआधी त्याला ग्रामसभेपुढं आणा. त्यानं आधी काम केलेल्या गावात दोघा-तिघांनी जाऊन यावं. बंधारा टिकला का, मजुरी वेळेवर मिळाली का, हे तिथल्या मजूर बायांना विचारावं. संस्था नोंदणीकृत न्यास असेल, तर विश्वस्तांची नावं धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत असतात. त्यातला बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. ती नोंदही बघावी.

नेमणूक करणं संस्थेच्याच हाती, हे खरं. पण प्रकल्प संपला की संस्था जाईल, शिवार आपल्यालाच सांभाळायचं आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्याच.