उधारीचें बिल आणि रोकड पैसा

गिऱ्हाईक मोठें असलें म्हणजे पैशाची काळजी नाहीं, अशी आपल्यांत समजूत आहे. परंतु पैसे बुडणें निराळें आणि वेळेवर न येणें निराळें. आमच्या गांवच्या शेतकरी उत्पादक कंपनीनें गेल्या सालीं एका बड्या पेढीस हळदपूड घातली. माल पोंचला, बिल पोंचलें. पैसे मात्र चवथ्या महिन्यांत आले. तोंवर सभासदांची देणीं भागविण्यास दरमहा शेंकडा दोन व्याजानें उचल करावी लागली, आणि नफा त्यांतच गेला.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांचे आंत द्यावे, असें २००६ चा कायदा सांगतो. उशीर केल्यास बँक-दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही लावितो. पण चालू गिऱ्हाइकावर फिर्याद केली, तर पुढील सालीं माल कोणास विकावा?

यास दुसरी वाट आहे. पूर्वीं हुंडी वटवीत, तसें आतां बिल वटवितां येतें; यासच फॅक्टरिंग म्हणतात. त्यासाठीं २०११ चा कायदा आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानें चालणाऱ्या ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेंत खरेदीदारानें बिल मान्य केलें, कीं अनेक बँका त्यावर वटावाची बोली लावितात. समजा, बिल एक लाखाचें, मुदत दोन महिने आणि दर सालीना शेंकडा १२. तर वटाव सुमारें २ हजार. दरमहा शेंकडा दोनच्या उचलीस तेवढ्याच मुदतींत ४ हजार लागतात. शिवाय खरेदीदारानें पैसे चुकविले, तरी तेथें बँकेस विक्रेत्यावर येतां येत नाहीं. बाहेरच्या करारांत अशी हमी असतेच असें नाहीं. म्हणून सही करण्यापूर्वीं तें कलम वाचावें.

ही सोय एकट्या शेतकऱ्यास नाहीं. उद्यम-नोंदणी असलेल्या उद्योगासच आहे. आणि खरी मेख खरेदीदाराच्या मान्यतेंत आहे. अडीचशें कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांनीं ३१ मार्च २०२५ पर्यंत तेथें नांव नोंदवावें, असा हुकूम २०२४ सालीं निघाला. पण नांव नोंदविलें म्हणजे बिल वेळेवर मान्य केलें, असें होत नाहीं.

यास्तव माझें मत असें, कीं भाव ठरवितांनाच बिल किती दिवसांत मान्य करणार, हेंही लिहून घ्यावें. महसुली दफ्तरांत जन्म गेला. त्यांत एवढें कळलें, कीं ज्या कागदावर सही व तारीख नाहीं, तो वेळेस साक्ष देत नाहीं. वजनाची चिठ्ठी आणि माल पोंचल्याची सही-पावती जपून ठेवा. मालाइतकीच त्यांचीही किंमत आहे.