धर्माचा रकाना



गेल्या महिन्याभरात या पानाकडे आलेल्या पत्रांपैकी दोन मी बाजूला काढून ठेवली होती. नावं छापत नाही, दोघांचीही तशीच इच्छा आहे.

पहिलं पत्र निपाणीकडच्या एका भगिनीचं. यजमान वारले, त्यांनी विड्या वळून मुलाला शिकवलं. मुलगा आता सेकंड पीयूसीला आहे, सीईटीचा फॉर्म भरायचाय. सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘हिंदू’ आणि पुढे जात असं आहे. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, ‘या दाखल्यावर नाडकचेरीतून अनुसूचित जातीचं सर्टिफिकेट निघेल. चौकशीला कोण आलं तर भिंतीवरचा क्रूस तेवढा उतरवून ठेवा.’ मुलाने विचारलं, ‘आई, मग रविवारी मी कुठं जायचं?’ त्या बाईंना उत्तर देता आलं नाही, म्हणून त्यांनी आम्हाला लिहिलं.

दुसरं पत्र शहरातल्या एका निवृत्त गृहस्थांचं. ज्यांचं नाव चर्चच्या रजिस्टरात एक आणि सरकारी कागदावर दुसरं आहे, अशांना प्रभुभोजनाला बसू देऊ नये आणि मंडळीच्या यादीतून कमी करावं, असं ते म्हणतात. अक्षर सुंदर, शास्त्रातले दाखले भरपूर.

दोघांना एकाच वेळी उत्तर द्यायचं तर आधी कायदा काय आहे ते सांगायला हवं, कारण आपल्यातल्या पुष्कळांना तो अर्धामुर्धाच माहीत असतो. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये असं ठरलं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढून टाकावी असं सुचवलं, ते कागदावरच राहिलं. सुप्रीम कोर्टात २००४ पासून याचिका पडून आहे. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कोर्टाने पुदुच्चेरीच्या एका बाईंचा दावा फेटाळला. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, चर्चला नेमाने जाणं चालू, आणि क्लार्कच्या नोकरीसाठी मागितलेलं सर्टिफिकेट मात्र अनुसूचित जातीचं. केवळ आरक्षणासाठी असा दावा करणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं कोर्ट म्हणालं. निपाणीच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं. ‘कोण बघतंय’ म्हणून काढलेला कागद मुलाला नोकरी लागल्यावर दहा वर्षांनीसुद्धा उघडता येतो.

कायदा न्यायाचा आहे असं मी म्हणत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जाते असं दिल्लीला वाटत असेल, गावातल्या विहिरीला तसं वाटत नाही. वाड्यात आग लागली तर ती ख्रिस्ती घर आणि हिंदू घर बघून थांबत नाही. पण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार मागायला गेलं की आपल्या माणसाला आधी धर्म विचारला जातो. आणखी एक गोष्ट मला नेहमी टोचते. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क बुडू नये, असा कायदा कंपनी सरकारने १८५० मध्ये केला होता. इंग्रजांची थोरवी गायची म्हणून हे सांगत नाही, वर्ष बघा म्हणून सांगतो. बरोबर शंभर वर्षांनी आपल्याच प्रजासत्ताकाने धर्म बदलला म्हणून हक्क काढून घेतला. याच बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या आणि १८५४ मध्ये इथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींची घरच्यांशी ताटातूट झाली, ती त्यांनी ‘अरुणोदय’मध्ये लिहून ठेवली आहे. पण त्यांना हा रकाना भरावा लागला नव्हता.

आता माझं सांगतो, कारण ते न सांगता पुढे लिहिणं खोटेपणाचं होईल.

माझ्या आजोबांनी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात बाप्तिस्मा घेतला. मला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी वडिलांना न विचारताच ‘हिंदू’ लिहिलं, पुढे जात लिहिली. वडिलांना वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं आणि सही केली. मॅट्रिकनंतर त्याच दाखल्यावर मला वसतिगृह मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली. तीन वर्षं सरकारचं जेवलो. रविवारी सकाळी रूममेटला ‘मामाकडे जातो’ म्हणून सांगायचो आणि उपासनेला जायचो. पवित्र शास्त्र वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचो. कुणी छळलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण त्या तीन वर्षांत मी ‘मी ख्रिस्ती आहे’ हे वाक्य एकदाही तोंडातून काढलं नाही, आणि नंतर ते काढायला मला फार जड गेलं. पुढे नोकरी छापखान्यात लागली. तिथे सर्टिफिकेट लागलं नाही, म्हणून तो प्रश्न परत आला नाही. आला असता तर मी काय लिहिलं असतं, हे मला आज वयाच्या सत्तरीत छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

म्हणून त्या निवृत्त गृहस्थांना मला विचारावंसं वाटतं, साहेब, आपल्या घराण्यात दोन पिढ्यांना मिशन शाळेत आणि मिशन दवाखान्यात नोकऱ्या होत्या ना? तिथे ‘ख्रिस्ती’ लिहिणं फायद्याचं होतं. ज्याला त्या रकान्याची किंमत कधी मोजावी लागली नाही त्याने ती किंमत मोजणाऱ्याला पंक्तीतून उठवायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? यादीतून नावं कमी करायची म्हटली तर आमच्याकडच्या खेड्यांतल्या कितीतरी मंडळ्यांत पाळकसाहेब आणि पेटी वाजवणारा एवढेच उरतील.

पण त्या भगिनींना मी ‘घ्या सर्टिफिकेट, देव समजून घेतो’ असंही लिहू शकत नाही.

नामानाची गोष्ट आपण रविवारशाळेत यार्देनेत सात बुड्या मारण्यापर्यंतच शिकवतो. तिचा पुढचा भाग आहे. बरा झाल्यावर नामान अलीशाला सांगतो की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं परमेश्वराने क्षमा करावं. अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. पुष्कळ लोक यावरून आपल्याला हवी ती परवानगी काढतात. मला मात्र एवढंच दिसतं की नामानाने ते आधी तोंडाने सांगितलं. संदेष्ट्यासमोर उभं राहून सांगितलं. आपल्याकडे पाळकाला माहीत असतं, पंचांना माहीत असतं, पहिल्या बाकावरच्या मावशींना माहीत असतं, आणि सगळेजण वरच्या पट्टीत गीत म्हणत असतात. त्या मुलाने आईला विचारलेला प्रश्न चर्चमध्ये कुणी मोठ्याने विचारत नाही. मला खरी भीती या गप्प बसण्याची वाटते.

सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. राज्याचा जातिनिहाय सर्व्हे सुरू झाला, शिक्षक साठ प्रश्न घेऊन दारोदार आले. जातीच्या पुढे ‘ख्रिश्चन’ जोडलेल्या नावांवरून मोठा वाद झाला आणि ती नावं यादीत दिसेनाशी केली गेली. आपल्यातल्या कितीजणांनी त्या दिवसांत घरी बसून ‘काय सांगायचं?’ अशी कुजबुज केली! मंडळीत मात्र यावर एक बैठकसुद्धा झाल्याचं मी ऐकलं नाही.

भगिनींना मी असं कळवलं आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना कर्नाटकात मागासवर्गाच्या पहिल्या प्रवर्गात जागा आहे. त्याचं सर्टिफिकेट खरं सांगून मिळतं. अनुसूचित जातीएवढा लाभ त्यात नाही, फी भरावी लागू शकेल आणि कदाचित हवं ते कॉलेज मिळणार नाही. हे नुकसान खरं आहे, ते मी गोड करून सांगितलेलं नाही. पण ते एकट्या विधवेने आणि अठरा वर्षांच्या पोराने का सोसावं? पहिल्या शिष्यांनी शेतं विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले आणि कुणाला उणं पडलं नाही, असं आपण दरवर्षी पेंटेकॉस्टला वाचतो. आपल्या भागात नवीन मनोरे उभे राहतात, फरशा बसतात, साउंड सिस्टिम येते. खरं लिहिणाऱ्या मुलांच्या फीसाठी एक पेटी मात्र कुठं दिसत नाही.

वसतिगृहाच्या त्या तीन वर्षांचं जेवण आणि शिष्यवृत्ती आजच्या भावाने किती होईल, याचा मी हिशेब मांडला. आकडा बराच मोठा निघाला. पेन्शन नसलेल्या माणसाला एकदम देणं शक्य नाही, पण पहिला हप्ता मी आमच्या पाळकसाहेबांकडे दिला आहे. तो त्या मुलासाठी आहे. पावती पुस्तक त्यांनी अजून छापलेलं नाही, तोवर वहीत नोंद होते. निवृत्त गृहस्थांचं पत्र मी पुढच्या अंकात पूर्ण छापतो आहे, मात्र त्याआधी त्यांनी मला एकदा भेटावं. सीईटीच्या फॉर्मची मुदत फार दिवस नाही. ज्यांच्या घरात हाच प्रश्न आहे त्यांनी नाव न घालता लिहिलं तरी चालेल, पण लवकर लिहा.