आरोग्याच्या नोंदी आणि उद्याची किल्ली

नीरा-बारामती रस्त्यावरच्या पणदऱ्यात काय किंवा राज्यातल्या कुठल्याही गावात काय, गरोदर बाईची माहिती आता केवळ आरोग्यसेविकेच्या रजिस्टरात राहत नाही. हिमोग्लोबिन, रक्तदाब, आधीची बाळंतपणे हे सारे ऑनलाइन जाते. क्षयरुग्णाची नोंद ‘निक्षय’वर, बाळाच्या लसीची ‘यू-विन’वर, शिवाय 14 अंकी ‘आभा’ क्रमांक आहेच. क्वांटम संगणक तालुक्यात कधी येईल तो येवो, त्याच्या तावडीत सापडू शकणारी माहिती मात्र गावातून रोज बाहेर पडते आहे.

पीटर शोर या गणितज्ञाने 1994 मध्येच दाखवून दिले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला तर प्रचंड संख्यांचे अवयव पाडणे सोपे होईल. इंटरनेटवरच्या माहितीची आजची बरीचशी कुलपे नेमकी याच अवघडपणावर उभी आहेत. आजच्या क्वांटम यंत्रांत तेवढी ताकद नाही, हे खरे. पण चोराला तरी कुठे घाई आहे? कुलूपबंद माहिती आज पळवायची, साठवून ठेवायची आणि किल्ली हाती आली की उघडायची.

बँकेचा ओटीपी काही मिनिटांत निकामी होतो, कार्ड बदलून मिळते. आजार बदलून मिळत नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यांसाठी ती गरजेचीच आहे. पण त्या वर्षी तपासलेली पंधरा वर्षांची मुलगी वाहक निघाली, तर 2050 मध्ये ती बेचाळीस वर्षांची असेल आणि कदाचित तिच्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालू असतील. तेव्हा ती जुनी नोंद भलत्याच्या हाती पडली तर काय होईल, हे आपल्या समाजात कुणाला समजावून सांगायला नको.

साध्या चोरापुढेही आपली तयारी किती तोकडी आहे, ते दिल्लीच्या ‘एम्स’ने पाहिले आहे. 23 नोव्हेंबर 2022 च्या सायबर हल्ल्यानंतर देशातल्या त्या अग्रगण्य रुग्णालयाला बरेच दिवस हाताने कागद लिहून काम रेटावे लागले. त्यासाठी कुठलाही क्वांटम संगणक लागला नव्हता.

तंत्र पुढे आणि धोरण मागे, ही धावाधाव महाराष्ट्राला नवी नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही राज्यातले सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 असे घसरत गेले. सोनोग्राफीची यंत्रे गावोगावी पोचल्यावर त्यांच्यामागे तपासणी पथके पळवायची, याची किंमत आपण मोजलेली आहे.

केंद्राने 19 एप्रिल 2023 रोजी 6,003 कोटींहून अधिक रकमेच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातले संवेदक आणि अचूक मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. मेंदूतले अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र टिपणारे संवेदक उद्या खरोखर स्वस्त झाले तर उत्तमच. पण ते पुण्या-मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयांपुरते राहणार, की सरकारी दवाखान्यांतही दिसणार, हे प्रयोगशाळा ठरवत नाही.

आरोग्य खात्याने करायचे काम तूर्त रुक्षच आहे. कुठली माहिती पन्नास वर्षे गुप्त राहायला हवी, याची यादी आधी करावी: एचआयव्ही, मानसिक आजार, जनुकीय तपासण्या. जी लागतच नाही ती गोळाच करू नये. नव्या कुलपांसाठी थांबण्याचे कारण उरलेले नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटमलाही न जुमानणाऱ्या कुलपांची पहिली तीन मानके 13 ऑगस्ट 2024 रोजी जाहीर केली, आणि ब्रिटनच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने स्थलांतर पुरे करायला 2035 ची मुदत सुचवली आहे.

आपल्याकडे याची खरी जागा भाषणात नव्हे, निविदेच्या कागदात आहे. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी असो की ग्रामीण रुग्णालयासाठी, आज घेतलेले स्कॅनचे यंत्र सहज दहा वर्षे वापरात राहते. त्यातली कुलपे पुढे बदलता यायला हवीत आणि तो खर्च पुरवठादाराने उचलावा, हे कलम सही होण्यापूर्वीच घालावे लागेल. एकदा बिल निघाले की कंपनी त्याच कामाचे वेगळे दरपत्रक पाठवते.